परत मागवलेली रिळं

इनासकाका माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या रिळाशी बोलायचे. कुणी मासे पकडायचं रीळ घेऊन कळव्याच्या आमच्या दुकानात आला, की काका त्याला बस म्हणायचे नाहीत. रीळ हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि गुंडाळलेल्या दोरीवर उजव्या अंगठ्याचं नख दाबायचे. नख वरच थांबलं तर नुसतं हूं करून परत द्यायचे. नख आत गेलं तर एकच शब्द.

"उतरव."

म्हणजे सगळी दोरी उतरव. दीडशे मीटर असो नाही तर दोनशे, कालच विकत घेतलेली असो नाही तर कुणी परदेशातून आणलेली.

दुकान मासेमारीचं नव्हतं, हे आधीच सांगतो. दुकान मोटार रिवाइंडिंगचं. जळालेले पंप, मिक्सर, पंखे यायचे, आम्ही आतली काळी पडलेली तार काढून नवी गुंडाळून द्यायचो. त्याआधी काकांनी तीस वर्षं एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळल्या होत्या. तार असो की दोरी, गुंडाळणं हेच त्यांचं आयुष्य. रिळांचे ते काही घेत नसत. कुणाला खाडीत जिताडा मिळाला तर तो एखादा तुकडा आणून द्यायचा, मोनीकाकी त्याचं कालवण करायची आणि विषय तिथंच संपायचा.

मी हिंगोलीकडचा. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे हे लिहिताना कुठं काय चुकेल याची धाकधूक आहे. वागळे इस्टेटमधलं कंत्राटी काम गेलं तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो. बायको नि दोन लेकरं गावाकडं. ज्याच्या त्याच्या दारात उभा राहायचो, जो तो कागद मागायचा. काकांनी कागद मागितला नाही. तांब्याच्या तारेचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. "ओढून धर. तुटली नाही पाहिजे, ढिली नाही पाहिजे." पाच मिनिटं आम्ही दोघं तसेच उभे. मग म्हणाले, "उद्या ये." त्यांचे उपकार म्हणजे ती पाच मिनिटं. माझं पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ए हिंगोली" एवढंच. मला प्रत्येक गोष्ट विचारून करायची सवय. हे चालेल का, हे चुकलं का. एकदा वैतागून म्हणाले, "तू जन्माला येताना पण आधी सुईणीला विचारलं असशील, येऊ का म्हणून."

आता रिळाचं नीट सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. आडव्या स्पूलचं एक रीळ असतं, त्याला बेटकास्टर म्हणतात. गळ फेकला की ते स्पूल स्वतःच गरगर फिरतं आणि दोरी सोडतं. त्यावर हल्ली विणलेली दोरी लावतात. शिवायच्या दोऱ्याएवढी बारीक, पण ताकद अशी की माणसाचं बोट कापेल. ती सैल गुंडाळली तर बघायला छान दिसते. मग मोठा मासा ओढतो किंवा गळ खडकात अडकतो, आणि वरचा वेढा खालच्या मऊ वेढ्यांत घुसून बसतो. त्याला रुतणं म्हणतात. पुढच्या वेळी फेकलं की दोरी हवेतच गचकन अडते, तटकन तुटते आणि गळाला आमिष म्हणून लावलेला महागातला खोटा मासा पलीकडे कुठं तरी जाऊन पडतो.

"वरचा वेढा खालच्यावर बसतो," काका म्हणायचे. "खालचा मऊ असला तर वरचा आत जाणारच. त्यात दोरीची काय चूक?"

त्यांची रीत ठरलेली. आधी स्पूलवर साध्या नायलॉनचे वीसेक वेढे, कारण विणलेली दोरी गुळगुळीत धातूवर पकड घेत नाही, आख्खी गोल फिरते. त्यावर विणलेली दोरी, ओल्या फडक्यातून घट्ट दाबत. मग शेवटचा भाग दुकानाच्या मागे, खाडीच्या बांधावर. दोरीचं टोक विजेच्या खांबाला बांधायचं, रीळ काठीला लावून वरची निम्मी दोरी सोडत लांब चालत जायचं आणि काठी वाकेल एवढा जोर देत, गुंडाळत गुंडाळत परत खांबापाशी यायचं. ही फेरी ज्याचं रीळ त्यालाच मारायला लावायचे.

नौपाड्यातले एक डॉक्टर होते. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. त्यांच्या रिळात काकांचं नख गेलं.

"अहो, दुकानातून गुंडाळूनच दिलंय," डॉक्टर म्हणाले.

"दुकानाने विकलंय. गुंडाळलंय कुठं?"

"मला ओपीडी आहे चार वाजता."

"मग चालत लवकर या."

डॉक्टर त्या बुटांनी बांधावर दोनशे पावलं गेले नि आले. बांधावरची दोन माणसं हसत होती. "डॉक्टर, लोड द्या, लोड," काका मागून ओरडत होते, "पेशंटचा हात धरल्यासारखं काय धरलंय!" डॉक्टर घामाघूम झाले आणि पुढं कायम येत राहिले. जाताना प्रत्येकाला काका दोन गोष्टी घोकून घ्यायला लावायचे. गळ अडकला तर रिळाने ओढायचं नाही, दोरी लाकडाला गुंडाळून ओढायची. आणि दोरी तुटलीच तर मागं वळायचं. "काय करायचं?" "मागं वळायचं." "पाण्याकडं बघायचं का?" "नाही." शाळेतल्यासारखं. मला हसू यायचं. मोनीकाकी मात्र अशा वेळी आत निघून जायची.

का ते तिनेच मला सांगितलं, मोरीत मासे साफ करता करता, माझ्याकडे न बघता.

मी येण्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट. डोंबिवलीचे मोहिते म्हणून कारकून होते, एकेचाळिशीचे. रविवारी दुपारी आले. त्या दिवशी काकांच्या घरी सण, पाहुणे जेवायला बसलेले, काका नव्या शर्टात. मोहिते म्हणाले, दोनची गाडी आहे. काकांनी दुकान उघडलं, स्पूल कॉइलच्या मशीनवर चढवलं आणि बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात काम झालं. ना ओलं फडकं, ना खांब.

"दिसायला काय सुंदर होतं रे," काकी म्हणाली. "मला दाखवलं पण त्यांनी."

मोहिते खडवलीला भातसा नदीवर गेले. पहिल्याच मोठ्या माशाने दोरी रुतली. पुढच्या फेकीत तुटली. खोटा मासा समोरच्या खडकाच्या कपारीत अडकलेला दिसत होता. हाताच्या अंतरावर वाटला असेल. तिथली नदी वरून शांत दिसते, खडकांत ओढ असते. मोहित्यांना दुसऱ्या दिवशी खाली दीड किलोमीटरवर काढलं.

त्यांचा मित्र ते रीळ काकांकडे घेऊन आला, तक्रार म्हणून नाही, सांगायला म्हणून. दोरी तशीच रुतलेली होती. काकांनी ते बघितलं आणि तसेच डोंबिवलीला मोहित्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, दोरी मी गुंडाळलेली. ढिली गुंडाळलेली."

ती म्हणाली, "दोरीचं काय हो काका. पाण्यात तर तेच उतरले." आणि तिने चहा ठेवला.

"घरी आले ते एवढंच बोलत होते," काकी म्हणाली. "तिने मला चहा दिला, मोनी. तिने मला चहा दिला. हे तीन दिवस जेवले नाहीत." मग पाण्याचा नळ जोरात सोडून ती म्हणाली, "तू काही विचारू नको हां त्यांना."

मी कधी विचारलं नाही. पण त्यानंतर नखाकडे बघताना हसू आलं नाही.

काकांना साखर होती. गोळ्या घ्यायचे, पथ्य पाळायचे नाहीत. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही पंपाच्या तारांची टोकं डाखत, म्हणजे सोल्डर करत होतो. मला वास आला. आधी वाटलं, तारेवरचं वार्निश जळतंय. बघतो तर काकांचा अंगठा डाखणीच्या तापल्या टोकाला टेकलेला, आणि काका रेडिओवरची बातमी ऐकत बसलेले.

"काका, हात!"

त्यांनी हात उचलला. अंगठ्याकडे असं बघितलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग म्हणाले, "जुनी कातडी आहे. गेंड्याची." फडकं गुंडाळलं आणि पुढच्या तारेला लागले.

दोनच दिवसांनी त्यांनी गुंडाळलेलं एक रीळ मी पिशवीत भरत होतो. सहज नख दाबलं. नख आत गेलं.

मी परत दाबलं. परत गेलं. फडक्यातून दोरी किती दाबली जाते ते बोटांना कळावं लागतं, आणि त्यांच्या बोटांना ते कळत नव्हतं. तपासणीचं नखही त्याच बोटाचं. त्यांना ते घट्टच लागत होतं. बांधावरची फेरी होती, पण ती वरच्या भागाचीच. खालचा मऊच राहायचा.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मी काकीला सांगितलं.

"त्यांना नको सांगू," ती म्हणाली. "तेवढंच तर उरलंय त्यांच्याकडे."

"मग रिळं?"

"तू कर ना. तुला येतं की."

काका दुपारी दोन ते चार झोपायचे. त्या वेळात मी त्यांनी गुंडाळलेली दोरी पूर्ण उतरवायचो, बांधावर नेऊन परत चढवायचो आणि टोकाला त्यांच्यासारखीच तिरकी चिकटपट्टी लावून जागेवर ठेवायचो. चोरी करतोय असं वाटायचं. घेत काहीच नव्हतो, तरी वाटायचं. चार वाजता काका यायचे, रीळ उचलून नख दाबायचे, हूं करायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "बघितलंस? याला म्हणतात गुंडाळणं." मी म्हणायचो, "हो काका."

मग माझ्या धाकटीला गावी डेंग्यू झाला. निघायच्या दिवशी दुकानात एकही रीळ राहिलेलं नाही हे बघून मी गेलो. रविवारी सकाळी काकीचा फोन आला, लेकीची चौकशी करायला. बोलता बोलता म्हणाली, "आपली श्रुती पेढे देऊन गेली रे, प्रमोशन झालं तिला."

श्रुती डोंबिवलीची, बँकेत कामाला. स्कूटरवरून यायची आणि काकांची हक्काने टर उडवायची. मी विचारलं, "रीळ आणलेलं का तिने?"

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काकी?"

"शुक्रवारी दिलेलं. काल घेऊन गेली. अरे देवा. माझ्या लक्षातच नाही आलं रे."

"आज कुठं जाणार म्हणाली?"

"खडवली."

श्रुतीचा फोन लागत नव्हता. मी सातआठ वेळा लावला. दवाखान्याच्या आवारात उभा होतो, आत लेक सलाईनवर. शेवटी काकीला म्हटलं, काकांकडे फोन द्या. आणि सगळं सांगितलं. एका दमात सांगितलं, नाही तर जमलं नसतं.

"कधीपासून?" काका म्हणाले.

"गणपतीपासून."

"किती?"

"अकरा."

मग म्हणाले, "लेक कशी आहे?"

"ताप उतरतोय."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं मला श्रुतीने सांगितलं. "मी गुडघाभर पाण्यात उभी होते. भाऊ काठावर. मागून कोणीतरी बोंबलतंय म्हणून वळले तर काका! एका पायात चप्पल नाही, शर्टाची बटणं वरखाली. 'बाहेर ये, आधी बाहेर ये' एवढंच. मी म्हटलं, काका, साप आहे का पाण्यात? बाहेर आले तर माझं मनगट धरलं ते सोडेनात. मग रीळ घेतलं आणि माझ्या भावापुढे धरलं, म्हणाले, तू नख लाव. त्याने लावलं. अर्धं आत गेलं. काका खाली दगडावर बसले. म्हणाले, हात गेला माझा. मला वाटलं लागलंय कुठं, मी बघायला गेले तर म्हणाले, तसा नाही गं."

तिथंच त्यांनी श्रुतीला दोरीचं टोक झाडाला बांधायला लावलं, सगळी दोरी सोडत शेतात लांब जायला लावलं आणि परत गुंडाळत आणायला लावलं. स्वतः दगडावरून सांगत राहिले. रिळाला हात लावला नाही. त्यानंतर कधीच लावला नाही.

मी आठवड्याने आलो. वाटलं होतं, हाकलतील. दारातच उभा राहिलो. काका पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. खडवलीच्या वाटेवर उघड्या पायात काहीतरी घुसलं होतं, आणि ते त्यांना घरी आल्यावर फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं.

"आत ये, हिंगोली. विचारतोयस काय उभा राहून." मी आत गेलो. म्हणाले, "गणपतीपासूनची अकरा तू केलीस. त्याच्या आधीची कोणी केली?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हात काही एका दिवसात गेला नसणार.

त्यांनी आठवून आठवून तेवीस नावं काढली, ईस्टरपासूनची. आणि आम्ही निघालो. फोन करून भागलं असतं, मी म्हटलंही. ते म्हणाले, "फोनवर लोक हो हो म्हणतात."

कळवा, ठाणे, डोंबिवली, कल्याण. जिने चढायचे, बेल वाजवायची. दार उघडलं की काका उभ्याउभ्याच सांगायचे, "रीळ आणा. माझ्या बोटांना आता काही कळत नाही. मी दिलंय ते ढिलं असेल." ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं उतरव, उतरव करून रडवलं होतं, त्यांच्याच दारात. काहींना वाईट वाटायचं. काही म्हणायचे, अहो काका, मस्त चाललंय. कल्याणचा एक जण हसला, "म्हणजे गॅरंटी संपली का?" काका म्हणाले, "हो, संपली. आणा." मी तिथंच जवळपास खांब शोधून गुंडाळून द्यायचो. ते समोर उभे राहायचे, हात मागे बांधून. मी चुकतो का विचारलं तर म्हणायचे, "मला काय विचारतोस. तुला कळतंय ना हाताला?"

नौपाड्यात डॉक्टरांकडे नंबर लावून बसले. आत गेल्यावर डॉक्टरांची नजर पट्टीवर गेली. "काका, पाय दाखवा."

"पायाचं नंतर. रीळ आणा."

डॉक्टरांनी ऐकलं नाही, पट्टी सोडलीच. अंगठा काळा पडला होता. वासही होता. डॉक्टर खुर्चीवरून उठले. "आज ॲडमिट व्हायचं. आत्ता. मी चिठ्ठी देतो."

"चार राहिलेत."

"काका, हा पाय जाईल. पायावरच थांबेल असंही नाही."

"चारच आहेत, डॉक्टर."

काकी रडली, भांडली. मी हात जोडले, एकट्याने जाऊन चारही करून येतो म्हटलं. म्हणाले, "तू सांगशील, ते ऐकतील. पण ढिलं मी दिलंय." दोन दिवसांत तीन झाली. चौथा अंबरनाथचा कुणी मोरे. मे महिन्यात एकदाच आलेला, हसरा, नवंकोरं रीळ घेऊन. त्याने दिलेला नंबर बंद. पत्ता नाही. एवढंच बोलला होता की रविवारी डोंबिवलीला मोठागावच्या खाडीवर जातो.

त्या रविवारी रिक्षाने मी काकांना मोठागावला नेलं. काकी बरोबर यायला निघाली, त्यांनी तिला परत पाठवलं. काठावर आठदहा जण काठ्या टाकून बसले होते. काकांच्या दुखऱ्या पायावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, दुसऱ्यात चप्पल. मी आधार द्यायला गेलो तर माझा हात बाजूला केला. "तू पंपवाल्याला दहाचा टाइम दिलायस ना? जा. त्याच्या बिल्डिंगला पाणी नाहीये."

संध्याकाळी त्यांना रुग्णालयात नेलं. पाय गुडघ्याखाली काढला, पण विष वर चढलं होतं. नवव्या दिवशी गेले. मी रोज जायचो, पण ते बहुतेक गुंगीतच असायचे, त्याला मी भेट धरत नाही. मोरे कोण ते मला अजून कळलेलं नाही. दुकान आता मी नि काकी मिळून चालवतो. जमेल त्या रविवारी मी मोठागावला जाऊन येतो.

मला दिसतात ते त्या सकाळचे. रिक्षात बसायच्या आधी मी मागं वळून बघितलं. ऊन चढलं होतं, भरतीचं पाणी दगडांना लागायला आलेलं. काका एकाजवळून दुसऱ्याजवळ जात होते, पिशवीचा पाय ओढत. कुणाच्या तरी पाठीमागे थांबले, मासा बिथरू नये म्हणून खाली वाकले आणि हळू आवाजात विचारलं, "मोरे का तुम्ही? अंबरनाथचे?"

त्या माणसाने पाण्यावरची नजर न काढता नाही म्हणून मान हलवली. काका पुढच्याकडे निघाले.